पाहुणा घड्याळ काढून ठेवतो

३ नोव्हेंबर

आज सात जणांना आडवं केलं. दोघांचे दात उडवले, एकाचा हात कोपरातून उलटा वळवला आणि सातव्याला धोटा असा बसवला की तो मागाच्या पट्ट्यात जाऊन अडकला. मनगट दुखतंय, पण जिवाला बरं वाटलं. दिवसभर फ्लेक्सच्या दुकानात बसून कुठल्या कुठल्या भाऊंचे वाढदिवस साजरे करायचे, त्यांचे पिंपल काढायचे, रंग उजळ करायचा, खाली शुभेच्छुकांची मुंडकी ओळीनं चिकटवायची. एवढं केल्यावर माणसाला कुणाला तरी मारावंसं वाटणारच. मी कागदावर मारतो, तेवढा शहाणा आहे.

ही वही अक्कानं लिहायला लावली. म्हणाली, अंक काढताना काय काय झालं ते लिहून ठेव, उद्या मोठा झालास की लोक विचारतील. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण दाक्षायणी. आमच्या कॉमिकचं नाव 'धोटा'. मागावर जो टोकदार लाकडी धोटा सूत घेऊन इकडून तिकडं पळतो, तेच आमच्या नायकाचं हत्यार. कथा अक्काची, चित्रं माझी. पहिला अंक निम्मा नातेवाइकांनी घेतला आणि त्यातल्या एकानंही वाचला नाही. दुसरा अंक मात्र असा काढायचाय की अख्ख्या सोलापुरानं नाव काढलं पाहिजे.

८ नोव्हेंबर

अक्का आणि दाजी जेवायला आले होते. महांतेश दाजी ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मॅनेजर आहेत आणि जिथं जातील तिथं माणसं जोडतात. अप्पांना पान, शेजारच्या मथुराबाईंना पेढे, मला नवीन ब्रश. असा जावई मिळायला नशीब लागतं, हे अप्पा त्यांच्या तोंडावर सांगतात.

माझे नायक पोत्यासारखे दिसतात ही माझी जुनी अडचण. दाजींना म्हटलं, जरा उभं राहता का. लगेच तयार. घड्याळ काढून टीव्हीवर ठेवलं, बाह्या दुमडल्या आणि मूठ अशी आवळली की मी बघतच राहिलो. 'हातानं नाही मारायचं, अमरेश,' म्हणाले. 'कमरेतून वळायचं, खांदा मागून येतो.' भिंतीला उशी टेकवून दाखवलं. तिसऱ्या ठोशाला उशीची शिवण उसवली आणि घरभर कापूस झाला. आम्ही पोट धरून हसलो. मी भराभर दहा-बारा चित्रं काढून घेतली. धोट्याला आता दाजींचं अंग मिळालं.

जेवणं झाली होती, तरी अक्का भाकरी थापायला आत गेली. हिला पाहुणचार कुठं थांबवायचा ते कळत नाही.

१६ नोव्हेंबर

अक्का कथा लिहून देत नाही. दुपारी व्हॉइस नोट पाठवते, मी उतरवून घेतो. हल्ली फार बारीक आवाजात बोलते, फोन कानात घालावा लागतो. घसा बसलाय म्हणे. दिवाळीपासून बसलाय, काढा घे म्हटलं.

आज दुसऱ्या अंकाचा खलनायक सांगितला आणि माझा विरस झाला. त्याचं नाव पाहुणा. ना गालावर व्रण, ना सोन्याचा दात. देखणा, गोड बोलणारा, ज्याच्या त्याच्या घरी याच्यासाठी चहा टाकतात म्हणून पाहुणा. घरी आला की बायकोला मारतो. मी फोन करून भांडलो. याला बघून कोण घाबरणार? निदान एक कुत्रा तरी दे त्याला.

'वाचणाऱ्यानं कशाला घाबरायचं?' ती म्हणाली. 'बाई घाबरती की. ती कधी घाबरती ते दाखव. तो ओरडला की न्हाय, तम्मा. तो घड्याळ काढून ठेवतो तवा.'

मला ती अजून तम्मा म्हणते, कानडीत धाकटा भाऊ.

'घड्याळ कशाला काढतो?'

'काच फुटंल म्हणून.'

 असलं कुठनं सुचतं हिला कोण जाणे. लहानपणी भुताच्या गोष्टी सांगून मला रडवायची, तीच कला अजून आहे.

२१ नोव्हेंबर

पान बारा. पाहुणा बायकोला कोपर मारतो. मी सवयीनं जाड अक्षरात 'धप्प' लिहिलं. अक्का म्हणाली, काढ ते. 'कोपराचा आवाज येत न्हाय. आवाज मागनं येतो, भांडं पडल्यावर.'

म्हणून पहिल्या चौकटीत कोपर, दुसऱ्यात बाईचा वाकडा झालेला जबडा, आणि या दोन्हीत एक अक्षर नाही. तिसऱ्या चौकटीत पातेलं पडतं आणि अख्खी चौकट आवाजानं भरते. प्रदीपला दाखवलं. प्रदीप आमच्या दुकानातली छपाईची मशीन चालवतो आणि मला तोंडावर खरं सांगणारा एवढा एकच माणूस आहे. 

'हे लई वंगाळ हाय बे,' म्हणाला.

माझ्यासाठी याहून मोठी शाबासकी नाही.

२९ नोव्हेंबर

काही नाही. चार वाढदिवस, एक निवड झाल्याबद्दल अभिनंदन, एक दशक्रिया. दशक्रियेच्या आजोबांचेही पिंपल काढले.

४ डिसेंबर

रंगावरून अक्काकडून बोलणी खाल्ली. मी बाईच्या सगळ्या जखमांना निळा रंग देऊन मोकळा झालो होतो. अक्का म्हणाली, एवढा मोठा चित्रकार आणि एवढं कळत नाही? पहिल्या दिवशी लाल. मग जांभळा. मग कडेनं हिरवा व्हायला लागतो आणि शेवटी पिवळा, तो बरेच दिवस राहतो, आणि तो पावडरखाली झाकत नाही. बाई पिवळा असला की पदर घेते आणि जांभळा असला की बाहेरच पडत नाही.

सगळी पानं पुन्हा रंगवली. फरक पडला हे मान्य करावंच लागेल. प्रदीपची बहीण बुद्धप्रिया दवाखान्यात नर्स आहे, तिनं प्रदीपच्या फोनवर पानं बघून निरोप पाठवला की रंग अगदी बरोबर आहेत, कुणी सांगितले? मी कळवलं, अभ्यास केलाय.

१२ डिसेंबर

जाहिरातीचा फ्लेक्स करायला घेतला. वाढदिवसाच्या फ्लेक्सची नक्कल करायची ही माझी कल्पना. वर धोटा हात जोडून उभा, खाली शुभेच्छुक म्हणून त्यानं बडवलेले सगळे गुंड, डोक्याला पट्ट्या बांधलेले. मध्ये लेखिका आणि चित्रकार यांचे फोटो.

अक्काला म्हटलं, दुकानाच्या नंबरवर फोटो पाठव. तिनं ताजा काढून पाठवला. खिडकीपाशी उभी, केस मागं बांधलेले, तोंड जरा वळवलेलं. खाली लिहिलं होतं, 'आहे तसाच लाव.' आता हिला काय म्हणावं. अख्खं गाव बघणार आणि बाई पावडरसुद्धा लावत नाही. डोळ्याखाली काळं, जबड्यावर डाग, ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी चिकटलेलं. उजेडही घाणेरडा. मी दहा मिनिटांत साफ केला. डोळ्याखालचं काढलं, गाल एकसारखा केला, ओठ नीट केला. त्याला डोकं लागत नाही, हात आपोआप चालतो. त्याच फाइलवर सेव्ह केलं. आमच्याकडं मूळ फोटो ठेवायची पद्धत नाही, कॉम्प्युटरला जागा नसते आणि फोनवर आलेले सगळे फोटो संध्याकाळी पुसतात. कुठल्याच भाऊंनी आजवर आपला मूळ चेहरा परत मागितलेला नाही.

अक्का एकदम लग्नातल्या फोटोसारखी दिसायला लागली. बघून खूश होईल.

२६ डिसेंबर

अंक आला. शाईचा वास घेत दुकानात नाचलो. फ्लेक्स जुळे सोलापूर भागात अक्काच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर लावला. दाजींनी स्वतः खांबावर चढून दोरी बांधली, येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत होते, आमच्या मिसेस लेखिका आहेत.

अक्का खाली उभी राहून वर बघत होती. बराच वेळ.

'कोण हाय ही?' तिनं विचारलं.

'तूच की.'

'छान झालाय,' म्हणाली आणि घरात गेली. मला वाटलं होतं दोन शब्द जास्त बोलेल.

४ जानेवारी

अक्काची एकही नोट नाही. फोन केला तर दाजी उचलतात, ती झोपलीय, ती अंघोळीला गेलीय, ती देवळात गेलीय. लेखकांचं असं होतं म्हणतात, एक अंक निघाला की रिकामं वाटतं. मी गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल मिळवायच्या मागं आहे.

९ जानेवारी

नोट आली आणि भांडण झालं. तिसऱ्या अंकात म्हणे बाई मरते. पाहुणा तिला स्वयंपाकघरात मारतो आणि अंक संपतो.

मी फोन केला. 'आणि धोटा कुठं असतो?'

'शेजारीच. माग चालवालाय.'

'मग येत का नाही?'

'मागाचा आवाज लई असतो, तम्मा. त्याला ऐकूच येत न्हाय.'

'मग तो नायक कशाचा, अक्का?'

'ते तू बघ,' म्हणाली आणि ठेवला.

मी चिडलो. लोक काय बाई मरताना बघायला पुस्तक विकत घेणार आहेत? मी शेवट बदलणार. धोटा दार तोडून येतो आणि पाहुण्याला चार पानं मारतो. आजच पहिलं पान काढलं. पाहुण्याची नडगी मोडली, हाड पोटरीतून बाहेर आणलं, बरगड्या एकेक करून मोडल्या. कमरेतून वळून, खांदा मागून. दाजींनी दाखवलं होतं तसंच.

१५ जानेवारी

गड्ड्यावर आमचा स्टॉल लागलाय आणि पाय ठेवायला जागा नाही. एका बाजूला मौत का कुआँ, दुसऱ्या बाजूला भजी, मध्ये आम्ही. सगळी कमाल दाजींची. त्यांनी धोट्याचा वेश केला, काळा सदरा, कमरेला गमछा, हातात खराखुरा धोटा. तो मी भंगारातून आणलाय, टोकाला लोखंड आहे, हातात घेतला की वजन कळतं. पोरांची फोटोला झुंबड. अंक संपले, प्रदीपनं रातोरात आणखी छापून आणले.

बुद्धप्रिया आली होती. दुसरा अंक उभ्यानंच वाचला. मी कौतुकाची वाट बघत हात बांधून उभा.

'दादा, हे लिहिणाऱ्या ताई कशा आहेत?'

माझ्या चित्रांचं सोडून अक्काची चौकशी. म्हटलं, मजेत आहे, सही पाहिजे का?

'त्यांना एकदा भेटायचंय. एकटीला.' तिनं दाजींकडं बघितलं. ते एका पोराला खांद्यावर घेऊन हसत होते. मग तिनं आपला नंबर कागदावर लिहून माझ्या हातात दिला. 'त्यांनाच द्या. विसरू नका.' दोनदा म्हणाली. वाचकही चिवट असतात एकेक.

१९ जानेवारी

आज एक गंमत झाली. दाजींच्या शोरूममधली मंडळी स्टॉलवर आली होती. त्यातल्या एकानं अंक चाळता चाळता म्हटलं, 'साहेब, हा पाहुणा तुमच्यासारखंच घड्याळ काढून ठेवालाय की.' सगळे हसले. दाजीही हसले. मग अंक घेऊन खुर्चीत बसले. एवढे दिवस विकतायत, पण वाचला त्यांनी आजच. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, पान बारावर थांबून. मग नीट मिटून मांडीवर ठेवला.

'हे घड्याळाचं तू काढलंस, अमरेश?'

माझ्या मनात आलं, सगळे माझ्याच चित्रांचं कौतुक करतात, अक्काला कुणी विचारत नाही. निदान तिच्या नवऱ्याला तरी तिची किंमत कळू दे. छाती पुढं काढून सांगितलं, 'छे हो दाजी. घड्याळ, कोपर, रंग, सगळं अक्काचं डोकं. माझं त्यात काही नाही.'

'अस्सं,' म्हणाले. 'बरं झालं सांगितलंस.'

आज लवकर गेले. धोटा स्टॉलवरच विसरले.

२० जानेवारी

अक्का दवाखान्यात आहे. जिन्यावरून पडली म्हणे. निघालो.

२० जानेवारी, संध्याकाळ

ती जिन्यावरून पडलेली नाही.

लिहितो. तिनंच सांगितलं होतं, काय झालं ते लिहून ठेव.

पडदा बाजूला केला आणि ती दिसली. खालचा जबडा वाकडा होऊन एका बाजूला गेला होता. डावा कान शिवला होता, दोरा काळा. डोळा बंद, टोमॅटोएवढा सुजलेला. मी तसाच उभा राहिलो, कारण हा चेहरा मी ओळखत होतो. पान बारा, चौकट दुसरी. मी हा पेन्सिलीनं काढला, शाईनं गिरवला आणि खाली सही केली.

मग रंग दिसले. गालावर लाल होता, तो कालचा. दंडावर जांभळा. गाऊनच्या गळ्यापाशी हिरवा, आणि त्याच्याखाली पिवळा. पिवळा जिन्याचा नाही. पिवळा कितीतरी दिवसांचा असतो, तो पावडरखाली झाकत नाही.

अप्पा बाहेर बाकावर बसले होते. 'पडली म्हणतायत न्हवं पाव्हणं,' म्हणाले, पण माझ्याकडं न बघता. आमच्याकडं जावयाला पाव्हणंच म्हणतात. दोन महिने मी हे नाव जाड अक्षरात लिहीत होतो.

बुद्धप्रिया तिथं ड्यूटीवर होती. तिनं मला एवढंच विचारलं, 'कागद दिला होता का त्यांना?'

कागद माझ्या पँटच्या खिशात होता. धुऊन त्याचा लगदा झालेला.

मीच सांगितलं त्याला. छाती पुढं काढून सांगितलं.

२२ जानेवारी

डाव्या हातानं लिहितोय, अक्षर असंच येणार.

काल स्टॉलवरचा धोटा घेतला आणि त्याच्या घरी गेलो. दुपारची वेळ, लोक झोपले होते. त्यानं दार उघडलं, इस्त्रीचा शर्ट, ओले केस. 'ये, अमरेश. चहा घेणार?' खरोखर असंच म्हणाला.

मी विचारलं, 'अक्काला का मारलं?'

 त्यानं हळूच मनगटाचा पट्टा सोडला आणि घड्याळ टीव्हीवर ठेवलं. काच वर करून, जपून. आणि मी घाबरलो. धोटा माझ्या हातात होता, टोकाला लोखंड होतं, तरी मी एक पाऊल मागं सरकलो. अक्का म्हणाली होती तस्संच. ती रोज हे बघत होती.

मारलं मीच आधी. एवढी वर्षं कागदावर माणसं लोळवणाऱ्या माझा पहिला खरा फटका त्याच्या खांद्यावरून घसरून तोंडावर बसला. ओठ फाटला, एक दात फरशीवर पडला. दुसरा फटका मला मारता आला नाही. तो कमरेतून वळला. माझ्या बरगडीत काहीतरी मोडलं आणि श्वासच येईना. मग कोपर, इथं, कानाखाली. त्याचा आवाज येत नाही. अक्का खरं सांगत होती, आतल्या आत सगळं पांढरं होतं आणि मग बऱ्याच वेळानं आपण पडल्याचा आवाज ऐकू येतो.

मी जमिनीवर असताना त्यानं माझा उजवा हात पायानं सरकवून नीट मांडला. 'हाच ना काढायचा?' म्हणाला आणि टाच दिली. दोनदा. बोटं वाटाण्याच्या शेंगेसारखी फुटली.

प्रदीप माझ्यामागं गाडीवर आला होता, त्यानं याला ढकललं, मला ओढत बाहेर काढलं. शेजारी जमले. महांतेशनं तोंडाचं रक्त रुमालानं पुसलं, केस सारखे केले आणि त्यांना म्हणाला, 'मेहुणा आहे. डोकं फिरलंय जरा, घरचंच आहे.' लोकांनी मान हलवली. त्याला पाणी आणून दिलं, मला नाही. पाहुणा हे नाव अक्कानं किती विचार करून ठेवलं होतं ते मला त्या अंगणात कळलं.

२४ जानेवारी

पोलीस आले होते. हवालदार बाई चांगल्या होत्या, खुर्ची ओढून बसल्या. अक्काचा जबडा तारेनं बांधलाय, ती बोलू शकत नाही. त्याचं म्हणणं एकच, जिन्यावरून पडली, आणि मेहुण्यानं येऊन मला विनाकारण मारलं.

'आधीचं काय हाय का?' बाईंनी मला विचारलं. 'फोटो, दवाखान्याचा कागद, कायतरी? रोजचं होतं हे दिसाया पायजे.'

मी ओरडलोच, आहे, फोटो आहे. डिसेंबरमध्ये तिनं स्वतः पाठवलाय. प्रदीपला पळवत दुकानातून फाइल आणायला लावली. उघडली.

लोण्यासारखा गाल. ओठ नीट. डोळ्याखाली काही नाही.

'ह्यात तर काहीच न्हाय की,' बाई म्हणाल्या.

अक्काचा फोन त्यानं तिला मारलं त्याच दिवशी फोडलाय. दुकानाचा फोन रोज पुसतात. ती खिडकीपाशी उजेडात उभी राहिली, जखमा माझ्याकडं वळवल्या, लिहिलं, आहे तसाच लाव. पोलिसांकडं गेली नाही, अप्पांकडं गेली नाही, माझ्याकडं पाठवला. मी दहा मिनिटांत तिच्या तोंडावरून बोळा फिरवला आणि त्याच फाइलवर सेव्ह केलं. त्यानं मारलं आणि पुसलं मी. हे लिहिताना मला माझीच किळस येतेय.

३० जानेवारी

अक्काला बसता येतं आता. खुणेनं म्हणाली, तिसऱ्या अंकाची पानं आण. मला आणायची नव्हती, पण आणली.

तिनं चारही पानं मांडीवर पसरली. धोटा दार तोडून येतोय, पाहुण्याची नडगी मोडतोय, बरगड्या मोडतोय. ती एका डोळ्यानं बघत होती. मग बोटानं धोट्याचा खांदा दाखवला, त्याची मूठ दाखवली आणि माझ्याकडं बघितलं. तिला सोडवायला येणाऱ्या माणसाला मी त्याचंच अंग दिलं होतं. तिनं ते पहिल्याच दिवशी बघितलं होतं, कापूस उडत असताना, आणि म्हणून उठून आत गेली होती.

मी पानं फाडली. डाव्या हातानं नीट फाटेनात, तिनं दुसरं टोक धरलं.

मग पाटीवर लिहिलं, 'जबाब देते. बुद्धप्रियाला बोलव.' ती आली, हवालदार बाई आल्या. अक्का एक एक ओळ लिहीत गेली, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीपासून. बाई वाचत होत्या आणि दुसऱ्या कागदावर उतरवत होत्या. अप्पा दारात उभे होते. आत आले नाहीत आणि गेलेही नाहीत.

सगळं झाल्यावर तिनं पाटी पुसून माझ्यापुढं धरली. 'फोटो काढ.'

खिडकीचा पडदा प्रदीपनं सरकवला. तिनं केस मागं घेतले आणि तोंड उजेडाकडं वळवलं.

६ फेब्रुवारी

महांतेशला नेलंय. सुटेल लवकर म्हणतात, त्याच्यासाठी धावपळ करणारी माणसं पुष्कळ आहेत. अक्का आमच्याकडं आहे, तोंडातनं नळीनं पेज घेते. तिसरा अंक लांबलाय, माझ्या बोटांना वेळ लागेल. शेवट तिनं पाटीवर लिहून दिला. बाई मरत नाही. धोटाही येत नाही. बाई दार उघडून बाहेर जाते आणि घड्याळ टीव्हीवर चालत राहतं.

कॉलनीच्या कोपऱ्यावरचा जुना फ्लेक्स उतरवायचाय, त्याच खांबावर नवा लावायचा. तिचंच म्हणणं. मी विचारलं, 'लोक काय म्हणतील ते चालेल का?' तिनं माझा फोन घेतला, तो फोटो उघडला आणि माझ्यापुढं धरला, म्हणून परत विचारलं नाही.

आज दुकानात बसून केला. वर धोटा नाही, शुभेच्छुक नाहीत. 'लेखिका : दाक्षायणी', खाली अंकाचं नाव आणि तिचा फोटो, माणसाच्या उंचीचा. फाइल उघडली तेव्हा माऊस डाव्या हातात होता, तरी बाण आपोआप डोळ्याखाली गेला. मी हात मांडीखाली घेऊन बसलो. जरा वेळानं प्रदीपला फाइल दिली.

'साफ न्हाय करायचा?' त्यानं विचारलं. तोही सवयीनं.

'आहे तसाच.'

त्यानं मशीन सुरू केली. फ्लेक्स वरून छापत येतो, पट्टी पट्टीनं. आधी केस आले, मग कपाळ, मग तो डोळा. जांभळा छापायला मशीनला बराच वेळ लागतो. आम्ही दोघं उभं राहून बघत होतो.